जुना खेळ आणि नवा पडदा

घरांत नवी वस्तु आली कीं तिच्या पाठोपाठ एखादा वादहि येतो, हा अनुभव एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या कोणासहि नवा नाहीं. पाट्याच्या जागीं मिक्सर आला तेव्हां चटणीच्या चवीवरून वाद झाला. तांब्यापितळेच्या जागीं स्टेनलेस स्टील आलें तेव्हां पाण्याच्या चवीवरून झाला. असले वाद बहुधा निकालीं निघत नाहींत. कालांतरानें ते आपोआप विझतात. परंतु क्वचित् एखाद्या वादाच्या मुळाशीं शास्त्राचा एक स्पष्ट प्रश्न असतो व त्याचें उत्तरहि देतां येतें. या महिन्याच्या सदरासाठीं अशाच एका वादाची हकीकत नंदुरबारहून आली आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनी एका मोठ्या कुटुंबांतील थोरल्या सूनबाई आहेत. त्यांचे धाकटे दीर लहान असतांना, म्हणजे १९९० नंतरच्या वर्षांत, टीव्हीला जोडून खेळण्याचा एक व्हिडिओ गेम घरांत आला होता. (नंदुरबार त्या वेळीं धुळें जिल्ह्यांत होतें, तें स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण झालें १ जुलै १९९८ रोजीं.) यंत्र मामंजींनीं हौसेनें आणून दिलें होतें. मामंजी आतां नाहींत, आणि यंत्रहि केव्हांच निकामी झालें. गेल्या दिवाळींत घरांतील कॉलेजांत शिकणाऱ्या मुलानें तेच खेळ संगणकावर मिळवून दिवाणखान्यांतील पंचावन्न इंची टीव्हीवर काकांपुढें मांडले. हेतु चांगला होता. काकांनीं दोन मिनिटें पाहिलें आणि "हा तो खेळ नव्हे" एवढेंच म्हणून ते उठले. "काका, खेळ असाच होता. तुम्ही लहान होतां म्हणून तुम्हांला तो सुंदर वाटला," असें उत्तर चिरंजीवांनीं दिलें. बाई लिहितात कीं, गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी खरी. परंतु भावोजींच्या मनाला ती लागली आहे. वडिलांच्या हातून मिळालेल्या वस्तूबद्दलची आपली आठवणच खोटी, असें कोणीं म्हटलेलें कोणाला रुचेल?

त्यांनीं मोठ्या चिकित्सक बुद्धीनें दोषांची यादीहि जोडली आहे. पहिला दोष असा कीं, माणसांचीं चित्रें विटा रचून केल्यासारखीं दिसतात. दुसरा, देखावा सरकूं लागला कीं भिंतींच्या विटा आळीपाळीनें जाड व बारीक होतात आणि सगळा पडदा चमचमतो. तिसरा, गोल चंद्र पसरट दिसतो. चौथा, शत्रूंची गर्दी झाली कीं त्यांतील कांहीं लुकलुकतात. पांचवा, खेळ पूर्वींपेक्षां घाईनें पळतो असें भावोजींचें म्हणणें आहे. "यांत यंत्राचा दोष किती, चित्राचा किती आणि आठवणीचा किती?" असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्नाची अशी सुबक फोड करून देणारे वाचक आम्हांस नेहमीं लाभोत!

प्रथम चित्र कसें बनतें तें पाहूं. आमच्या वाचकभगिनींस हें समजावून सांगण्यास फार शब्द लागणार नाहींत. ज्यांनीं दोसुतीच्या कापडावर फुलीच्या टांक्यानें पोपट भरला आहे, अथवा काचेच्या मण्यांचें तोरण ओंवलें आहे, त्यांना ही विद्या पूर्वींच अवगत आहे. चौकटीच्या कागदावर घरें मोजावयाचीं, एका घरांत एकच रंग भरावयाचा, आणि गोलाई हवी असेल तेथें पायऱ्या पाडून ती भासवावयाची, हा तिचा नियम. जपानांतील निन्टेंडो कंपनीनें १९८३ सालीं 'फॅमिली कॉम्प्युटर' नांवाचें जें यंत्र काढलें त्याचें चित्र याच नियमानें काढलें जाई. भारतांत पुढें 'सामुराई', 'लिटल मास्टर' अशा नांवांनीं जीं यंत्रें मध्यमवर्गीय घरांत पोंचलीं, तीं याच यंत्राच्या नकला होत. त्याच्या चित्रांत एका ओळींत २५६ घरें व अशा २४० ओळी असत. म्हणजे सारा देखावा ६१,४४० घरांत मांडावयाचा. मागचा देखावा आठ घरें रुंद व आठ घरें उंच अशा फरश्या जुळवून तयार होई. अशा ९६० फरश्या एका पडद्यावर मावत. रंगांचें बंधन तर याहून कडक. यंत्राजवळ एकंदर पन्नासांच्या आसपास रंग. त्यांपैकीं एका वेळीं पडद्यावर फार तर पंचवीस. आणि मागच्या देखाव्याच्या सोळा बाय सोळा घरांच्या प्रत्येक तुकड्यांत, पार्श्वभूमीचा सामाईक रंग सोडल्यास, केवळ तीन. आज बाजारांत मिळणाऱ्या साधारण टीव्हीवर वीस लाखांहून अधिक चित्रकण असतात. म्हणजे जुन्या चित्राच्या सुमारें चौतीस पट. चित्रकाराला केवढ्या चिमुकल्या पाटीवर आपलें कौशल्य दाखवावें लागे, याची यावरून कल्पना येईल.

आतां असा प्रश्न निघतो कीं, चित्र मूळचेंच चौकोनी होतें तर तें त्या वेळीं चौकोनी कां दिसलें नाहीं? याचें अर्धें उत्तर नंदुरबारच्या वाचकांच्या नित्य पाहण्यांतलें आहे. मिरचीचा हंगाम आला कीं त्या गांवाभोंवतीं मिरचीच्या पथाऱ्या पडतात. दुरून पाहावें तर जमिनीवर एकच लाल लुगडें वाळत घातल्यासारखें दिसतें. जवळ जावें तों एकेक मिरची, तिचें देंठ व मधली माती वेगळीं होतात. निरोगी डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसण्यास त्यांच्यामध्यें कांहीं किमान कोन असावा लागतो. तो सुमारें अंशाच्या साठाव्या भागाइतका. या मानानें एक मिलिमीटर अंतरावरील दोन ठिपके सुमारें साडेतीन मीटरांवरून एकच भासतात. एकवीस इंची जुन्या टीव्हीवर खेळाच्या चित्राची एक ओळ साधारण एवढ्याच, म्हणजे एक मिलिमीटर, जाडीची पडे. पंचावन्न इंची नव्या टीव्हीवर तीच ओळ जवळजवळ तीन मिलिमीटर जाड होते. ती तशीच मिसळून दिसावी असें वाटत असेल तर दहा मीटर मागें जाऊन बसलें पाहिजे. एवढ्या लांबीचा दिवाणखाना आजकाल कोणाच्या घरांत आहे?

उरलेलें अर्धें उत्तर जुन्या टीव्हीच्या कांचेंत आहे. त्या टीव्हीच्या पोटांत एक मोठी निर्वात नळी असे. तिच्या मागच्या टोकाकडून निघालेला विद्युत्कणांचा झोत पुढच्या कांचेवरील लेपावर आपटे, व जेथें आपटे तेथें लेप उजळे. हा प्रकाश तांदळाच्या पिठाच्या ठिपक्यासारखा असे: मध्यें दाट व कडेला विरळ. तेव्हां शेजारशेजारच्या घरांच्या कडा एकमेकींत मिसळत. शिवाय आपल्या देशांतील टीव्हीचें चित्र ६२५ ओळींचें असून तें दोन हप्त्यांत रेखाटलें जाई, एकदां विषम ओळी व एकदां सम ओळी. खेळाचें यंत्र दोन्ही हप्ते एकाच जागीं पाठवी. त्यामुळें दर दोन ओळींच्या मध्यें एक काळी फट राही. या फटींमुळें चित्राला विणलेल्या वस्त्रासारखा पोत येई, आणि पायऱ्यांचे कोपरे डोळ्याला टोंचत नसत. त्यांत भर म्हणजे रंग आणि उजेड हीं दोन्ही एकाच तारेंतून जात; वाटेंत रंग थोडा आडवा पसरे. अभियंत्याच्या दृष्टीनें हा दोष होय. परंतु चित्रकाराला तो गुणासारखा वापरतां येत असे.

याचें एक प्रसिद्ध उदाहरण सांगण्यासारखें आहे. सेगा कंपनीच्या 'मेगा ड्राइव्ह' या यंत्रावर १९९१ सालीं 'सॉनिक द हेजहॉग' नांवाचा खेळ आला. त्यांत धबधबे आहेत. पाणी पारदर्शक दाखविण्याची सोय त्या यंत्रांत जवळजवळ नव्हती. तेव्हां चित्रकारांनीं पाण्याच्या उभ्या रेघा एकआड एक काढल्या व मधल्या जागा मोकळ्या ठेविल्या. साध्या तारेंतून चित्र जातांना त्या रेघा पसरून एकमेकींत विरघळत आणि पाण्याच्या आड दिसणारा खडक डोळ्यांस भासे. तोच धबधबा आजच्या लख्ख पडद्यावर पाहावा तर पाण्याच्या जागीं तुरुंगाचे गज उभे! चित्रांतील एक ठिपकाहि बदललेला नाहीं; बदलली आहे ती केवळ मधली तार व पुढली कांच.

ज्या आज्ञावलीमुळें जुना खेळ संगणकावर चालतो तिला एम्युलेटर म्हणतात. आपल्याकडील बहुरूपी जसा आज फौजदाराचें तर उद्यां वैद्याचें सोंग हुबेहूब वठवितो, तसें हें संगणकानें घेतलेलें जुन्या यंत्राचें सोंग होय. कॅसेटमधील मजकूर जसाच्या तसा वाचून, जुन्या यंत्रानें जी आज्ञा ज्या क्षणीं पाळली असती ती त्या क्षणीं पाळावयाची, हें त्याचें काम. चांगला एम्युलेटर हें काम इतकें चोख करतो कीं ६१,४४० घरांपैकीं एकाचाहि रंग चुकत नाहीं. परंतु हें सोंग यंत्राचें आहे. यंत्राला जोडलेल्या टीव्हीचें सोंग निराळें. तें मुद्दाम सांगितल्यावांचून घेतलें जात नाहीं. पूर्वीं किटसनच्या बत्तीच्या उजेडांत नाटकें होत, तेव्हां पात्रांच्या तोंडाला त्या उजेडाच्या मानानें रंग फांसलेला असे. तोच नट भर दुपारीं तसाच अंगणांत उभा केला तर ओळखीचा माणूसहि दचकेल. नट तोच, रंग तोच. उजेड मात्र तो नव्हे. दिवाळींत काकांपुढें जें चित्र आलें तें असेंच भर उन्हांत उभें केलेलें होतें.

एवढें समजल्यावर यादींतील दोषांची वाटणी करणें कठीण नाहीं. चित्रें विटांचीं दिसण्याचें कारण वर आलेंच. दुसऱ्या दोषाचें, म्हणजे चमचमण्याचें, मूळ शुद्ध अंकगणितांत आहे. नव्या टीव्हीच्या पडद्यावर १०८० ओळी असतात. जुन्या चित्राच्या २४० ओळी त्यांवर पसरावयाच्या तर एकेका ओळीच्या वांट्यास साडेचार ओळी येतात. पडद्याचा कण अर्धा कापतां येत नाहीं. म्हणून आज्ञावली एका ओळीला चार देते, दुसरीला पांच. चित्र स्थिर असेल तोंवर हा पंक्तिप्रपंच लक्षांत येत नाहीं. देखावा वरखालीं हलूं लागला कीं जी वीट आतां चार ओळींत होती ती पुढल्या क्षणीं पांच ओळींत जाते, पुन्हां चारांत येते, आणि सारी भिंत श्वास घेत असल्यासारखी दिसते. आडव्या दिशेनेंहि असेंच होतें. मूळ प्रमाण राखून २५६ घरें १४४० कणांवर पसरलीं तर प्रत्येकाच्या वांट्यास पांच व वर पांच अष्टमांश कण येतात. हा दोष ना जुन्या चित्राचा, ना काकांच्या आठवणीचा. तो या भागाकाराच्या बाकीचा आहे.

तिसरा दोष चंद्राचा. जुन्या टीव्हीचा पडदा चार भाग रुंद व तीन भाग उंच असे. नव्याचा सोळा भाग रुंद व नऊ भाग उंच. पडदा भरून टाकण्याच्या हौसेनें चित्र दोन्ही बाजूंस ताणलें कीं चंद्राची पोळी होते. याच्या उलट चूकहि घडते. जुन्या चित्राचें प्रत्येक घर टीव्हीवर उंचीपेक्षां थोडें अधिक रुंद पडे. एम्युलेटरनें तीं घरें नेमकीं चौरस मांडलीं तर कांहीं खेळांतील चंद्र अंड्यासारखा उभट होतो. म्हणून ताणणेंहि नको व चौरसाचा हट्टहि नको. चारास तीन हें प्रमाण राखावें.

चौथा दोष मात्र अस्सल जुना आहे. त्या यंत्राला एका आडव्या ओळींत आठांहून अधिक हलतीं चित्रें काढतां येत नसत. नववें आलें कीं तें अदृश्य व्हावयाचें. एकच पात्र कायमचें नाहींसें होऊं नये म्हणून खेळ रचणारे आळीपाळीनें प्रत्येकाला थोडा वेळ वगळीत. त्यामुळें सारींच लुकलुकत. हल्लींचे कांहीं एम्युलेटर ही मर्यादा काढून टाकण्याची सोय देतात. ती वापरावी कीं नाहीं हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. पण हें लुकलुकणें भावोजींना नक्की आठवत असेल, त्यांना विचारून पाहावें.

पांचवा दोष वाचून आम्ही विशेष थबकलों. खेळ घाईनें पळतो, ही तक्रार कोणासहि मनाचा खेळ वाटेल. परंतु जपानांत व अमेरिकेंत टीव्हीचें चित्र सेकंदाला साठ वेळां रेखाटलें जाई आणि भारतांत पन्नास वेळां. बहुतेक खेळ साठाच्या हिशेबानें रचलेले. येथील पन्नासाच्या मानानें चालणाऱ्या नकली यंत्रावर तेच खेळ सुमारें एक षष्ठांशानें मंद चालत. संगणकावरील एम्युलेटर मूळ साठाचा वेग धरतो. तेव्हां भावोजींचे यंत्र पन्नासाच्या जातीचें असल्यास, तीस वर्षांनंतर केवळ पाहून त्यांनीं पकडलेला फरक अगदीं खरा आहे! उडी केव्हां मारावयाची हें बोटांनीं एकदां शिकून ठेविलें कीं तें सहजासहजीं विसरलें जात नाहीं.

हे झाले दोष आपण कांहीं न केल्यानें उघडे पडणारे. दुसरा एक वर्ग आहे, तो अति सुधारणेंतून निघतो; आणि तरुण मंडळींनीं याकडे अधिक लक्ष द्यावें. चौकोन नकोसे वाटले म्हणून पायऱ्या घासून गुळगुळीत करणाऱ्या युक्त्या निघाल्या आहेत. त्या शेजारचीं घरें पाहून मधली रेषा कशी असावी याचा तर्क करतात. तर्क कोठें बरोबर येतो. कोठें नाकाचा एकुलता ठिपका गालांत विरघळतो आणि चेहरा मेणाचा होऊन वितळल्यासारखा दिसतो. फरश्यांच्या कडांवर तर शेजारच्या फरशीचा रंग आंत झिरपून देखाव्यावर बारीक रेघांची जाळी उमटते.

सोनी कंपनीच्या 'प्लेस्टेशन' (१९९४) पासून घनाकृति खेळ घरांत आले व हा प्रकार अधिक गुंतागुंतीचा झाला. त्याचें चित्र बहुधा ३२० बाय २४० घरांचें. त्यांत आकृतींचे कोपरे पूर्णांकांतच बसवावे लागत. म्हणून माणूस चालूं लागला कीं त्याच्या अंगाच्या कडा थरथरत. लहान, मऊ चित्रांत ही थरथर खपून जाई. मोठ्या, स्वच्छ चित्रांत ती भरते. रंगांची उणीव भरून काढण्यासाठीं तें यंत्र ठिपक्यांची जाळी पेरी, जशी छापखान्यांत फोटोच्या ब्लॉकवर असते तशी. चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं दादासाहेब फाळके ज्या ब्लॉक करण्याच्या धंद्यांत होते त्याचेंच हें तत्त्व: ठिपके जवळजवळ, डोळा दूर, आणि मधल्या छटा फुकट. मासिकांतील छापील फोटो पुन्हां स्कॅन करून मोठा केला तर त्यावर जी विचित्र नक्षी उमटते, तीच येथेंहि उमटते. पुढें, आकृति मोठ्या मापांत नव्यानें रेखाटण्याची सोय एम्युलेटरमध्यें असते. ती चालू केली कीं 'फायनल फँटसी ७' (१९९७) सारख्या खेळांत पात्रें धारदार होतात, परंतु आधींच रंगवून ठेविलेले मागचे देखावे जुनेच राहतात. जणूं पुसट झालेल्या भिंतीवर कालच छापलेलें चित्र चिकटविलें आहे. 'प्लेस्टेशन २' (२०००) च्या कांहीं खेळांत प्रकाशाचें वलय दाखविण्यासाठीं यंत्र आपलेंच चित्र लहान करून त्याच चित्रावर पुन्हां पसरी. माप वाढविलें कीं हा थर किंचित् सरकतो व प्रत्येक वस्तूशेजारीं तिचें भूत उभें राहतें.

हातांत धरून खेळण्याच्या यंत्रांचीहि हीच कथा. निन्टेंडोच्या २००१ सालच्या 'गेम बॉय ॲडव्हान्स'च्या पडद्यामागें पहिल्यानें दिवाच नव्हता. म्हणून कित्येक खेळांचे रंग मुद्दाम भडक भरलेले असत. आजच्या उजळ पडद्यावर ते डोळ्यांवर येतात. अंधाऱ्या गाभाऱ्यासाठीं माखलेला शेंदूर उजेडांत अंगावर यावा, तसा हा प्रकार.

आतां उपाय. ते सर्व बिनखर्ची आहेत व आमच्या भगिनींच्या चिरंजीवांना अर्ध्या तासांत करतां येतील. पहिला, चित्राचें प्रमाण चारास तीन ठेवून बाजूच्या मोकळ्या जागा काळ्या राहूं द्याव्या. दुसरा, उंची पूर्ण पटींतच वाढवावी: १०८० ओळींच्या पडद्यावर चौपट, म्हणजे ९६० ओळी घेऊन वर व खालीं साठ साठ ओळी रिकाम्या सोडाव्या. पडदा २१६० ओळींचा असेल तर हिशेब बरोबर नऊ पटींत सुटतो, बाकी शून्य. रुंदींत अपूर्णांक राहतोच. तेथें घरांच्या कडा अगदीं नखभर मऊ करण्याची सोय वापरावी. तिसरा, जुन्या नळीचा उजेड, ओळींमधील फटी व तारेंतील पसारा यांचें सोंग घेणारे गाळणे एम्युलेटरमध्यें बहुधा असतात. त्यांपैकीं एखादें सौम्य निवडावें. चौथा, वेगाचें मान पन्नासावर आणून पाहावें. पांचवा, नव्या टीव्हीची चित्र सुधारण्याची स्वतःची कारागिरी, म्हणजे कडा धारदार करणें व हालचाल गुळगुळीत करणें, बंद ठेवावी. गुळगुळीत करणारें गाळणें मात्र लावूं नये. आणि खुर्ची दोन हात मागें सरकवावी!

यांत आम्ही कांहीं नवें सांगतों असें नाहीं. २०१६ सालीं निन्टेंडोनें आपल्या जुन्या यंत्राची एक लहान आवृत्ति काढली. तींत चित्र पाहण्याचे तीन प्रकार दिले होते: मूळ घरें नेमकीं चौरस, चारास तीन प्रमाणाचें, आणि जुन्या टीव्हीच्या ओळींचा भास देणारें. खुद्द मूळच्या कर्त्यालाच एक खेळ तीन तऱ्हांनीं दाखवावासा वाटला, यावरून 'खरें चित्र' कोणतें हा प्रश्न किती सूक्ष्म आहे तें कळून येईल. जातां जातां एक सूचना: खेळांचे हक्क कर्त्यांकडेच असतात, आणि कित्येक जुने खेळ अधिकृत रीतीनें पुन्हां विकत मिळतात. मिळत असतील ते विकत घ्यावे, हेंच सरळ.

माळ्यावर जुना नळीचा टीव्ही पडलेला असेल तर तोहि उपयोगाचा आहे. मूळ चित्र पाहण्यास त्याच्यासारखें साधन दुसरें नाहीं. मात्र त्याचें पाठीमागचें झांकण घरीं उघडूं नये. वीज काढून घेतल्यावरहि नळींत प्राणघातक दाबाचा विद्युत्संचय कांहीं काळ राहतो. टाकावयाचा झाला तर भंगारवाल्याकडून तो फोडवूं नये, कारण त्या कांचेंत शिसें असतें. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणें तो नोंदणीकृत केंद्राकडेच द्यावा.

वादाचा निकाल आतां सांगतां येईल. चिरंजीव म्हणतात कीं खेळ असाच होता. कॅसेटमध्यें काय लिहिलें होतें एवढ्यापुरतें तें खरें. काका म्हणतात कीं हा तो खेळ नव्हे. डोळ्यापर्यंत काय पोंचलें तें पाहतां त्यांचेंहि खरें. कॅसेट, यंत्र, तार, कांच, अंतर आणि डोळा इतक्यांच्या सहकार्यानें जें चित्र १९९० नंतरच्या त्या संध्याकाळीं घरांत उभें राहिलें, त्यांतील पहिल्या दोहोंची नक्कल पुढें ठेवून उरलेल्यांची साक्ष रद्द करतां येत नाहीं. लहान वयामुळें वस्तु मोठी व सुंदर भासते हें सत्य आहेच. पण ज्या पांच गोष्टींबद्दल येथें तक्रार झाली, त्यांपैकीं लुकलुकणें सोडल्यास उरलेल्या चारांचा खुलासा वयाची मदत न घेतां होतो. वडील माणसानें "पूर्वीं असें नव्हतें" म्हटलें कीं तें स्मरणरंजन समजून उडवून लावण्याची तरुणांना घाई असते. अशा वेळीं आधीं पूर्वींचें उपकरण कोणतें होतें याची चौकशी करावी. वडिलांनींहि नव्या पडद्यावरील पहिल्या दर्शनानें रुसून उठूं नये. मुलाच्या हातांत त्या चित्राला पुन्हां माणसांत आणण्याचें सामर्थ्य आहे.

हा बोध खेळांपुरता राहणारा नाहीं. हल्लीं घरोघर जुने, पुसट फोटो यंत्राकडून मोठे व स्वच्छ करून घेण्याची चाल पडली आहे. आजीच्या बोटभर फोटोंत डोळ्यांच्या जागीं दोन करडे ठिपके असतात. यंत्र तेथें पापण्यांसकट दोन तेजस्वी डोळे भरून देतें. ते डोळे कोणाचे? हजारों परक्या चेहऱ्यांवरून बांधलेला तो तर्क आहे. खेळांतील चेहरा मेणासारखा वितळला तर फारसें बिघडत नाहीं. परंतु ज्या नातवंडांनीं आजीला पाहिलेंच नाहीं, त्यांच्या मनांत तो तर्कच आजी होऊन बसेल. म्हणून मोठी केलेली प्रत खुशाल भिंतीवर लावावी. पण मूळचा लहान फोटो, त्याच्या ठिपक्यांसकट व डागांसकट, जपून ठेवावा आणि त्याच्या पाठीवर नांव, गांव व साल लिहून ठेवावें.